हांडव्याच्या कुकरात सफरचंद

सफरचंद कापून खायचं की बेक करायचं, या प्रश्नावर गुजरातमधल्या डभोईत एका मराठी घरात दसऱ्यानंतर सासू-सुनेची चांगलीच जुंपली. दोघींना वाद घालायला मनापासून आवडतो आणि दोघीही मुद्द्याला धरून बोलतात, म्हणून तो ऐकण्यासारखा झाला. सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी वाचकाला डभोई आठवते ती १७३१ च्या लढाईमुळे, बाजीराव पेशव्यांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला त्या लढाईमुळे. या घराचं डभोईशी नातं मात्र गायकवाडी नोकरीतून जुळलेलं. तीन-चार पिढ्या इथेच गेल्या. सासूबाईंच्या बोलण्यात ‘लोट’ (पीठ), ‘नास्तो’ (नाश्ता) असे गुजराती शब्द सहज येतात. सून पुण्याची. घरातला छोटा ओव्हन तिनेच आणलेला. कोजागरीला सफरचंदाचं क्रंबल करायचं तिने ठरवलं: खाली मऊ शिजलेल्या फोडी, वर लोणी-पिठाचा खुसखुशीत चुरा, आणि सगळं एकत्र बेक केलेलं.

“कोजागरीला आटीव दूध असतं,” सासूबाई म्हणाल्या.

“दूध असेलच, आई. हे त्याच्या जोडीला. इंग्लंड-अमेरिकेत याच दिवसांत घरोघरी सफरचंदं ओव्हनमध्ये जातात.”

“तिकडे थंडी पडायला लागलेली असते, ओव्हनची ऊब हवीशी वाटते. इथे ऑक्टोबरात दुपारी पस्तीस-छत्तीस अंश असतात. आपली पानगळ येते शिशिरात, थंडी सरता सरता. शरदातलं ऊन पित्त वाढवतं, या दिवसांत गोड, कडू, हलकं आणि थंड खावं, असं चरकाने ऋतुचर्येत लिहून ठेवलंय. आणि तू स्वयंपाकघरात भट्टी पेटवणार, वर दालचिनी-लवंग घालणार?”

सासूबाईंचं हे म्हणणं सहज बाजूला सारता येत नाही. डभोईचा शरद ऋतू पानगळीचा नाहीच. तो नवरात्राचा आहे, हिरा भागोळीजवळच्या कालिकामातेच्या दर्शनाचा आहे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गरब्याचा आहे. गुजरातीत गरबी लिहिणारा थोर कवी दयाराम जवळच्या चांदोदला १७७७ मध्ये जन्मला आणि राहिला डभोईतच. शरद पौर्णिमेला शेजारच्या गुजराती घरांत दूध-पौंआ असतात: पातळ पोहे गोड दुधात भिजवून चांदण्यात गार व्हायला ठेवलेले. मराठी घरात केशर-वेलचीचं मसाला दूध. दोन्ही पदार्थ ऋतूला शोभणारे, पित्त शमवणारे. त्यांच्या शेजारी गरमागरम, मसालेदार, लोण्याने थबथबलेलं पक्वान्न आणून ठेवायचं, तर त्याला ‘तिकडे करतात’ याच्यापेक्षा चांगलं कारण हवं.

सुनेकडे ते होतं.

“आई, तिकडचं सोडा. डभोईच्या बाजारात सफरचंद बारा महिने मिळतं, पण ताजं कधी असतं? हिमाचलचा माल जुलैपासून सुरू होतो, काश्मीरचा ऑगस्टपासून. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोपोर आणि शोपियानच्या मंडया भरून वाहतात. देशातल्या सफरचंदांपैकी सत्तर-पंच्याहत्तर टक्के काश्मीरची, आणि ती याच दिवसांत झाडावरून उतरतात. फेब्रुवारीत आपण खातो ते पुलवामाच्या लासीपोरासारख्या ठिकाणी शीतगृहात राहिलेलं असतं. प्राणवायू कमी करून, शून्य अंशाच्या आसपास महिनोन्महिने ठेवलेलं. वाईट नसतं ते, पण झाडावरून नुकतं उतरलेलंही नसतं. सफरचंदाचं काही करायचं असेल तर आश्विन-कार्तिकच.”

हे बरोबर आहे, आणि शहरी माणसाच्या लक्षातून ते साफ निसटलेलं आहे. आंब्याचा हंगाम आपल्याला पाठ असतो. सफरचंदाला हंगाम असतो हेच आपण विसरलो, कारण ते दवाखान्यात नेण्याचं फळ झालं. आजारी माणसाच्या उशाशी कोणत्याही महिन्यात ठेवता येईल, असं. डभोईत बसून शरदातलं सफरचंद मुद्दाम विकत घेणं, त्याचं काहीतरी रांधणं, म्हणजे त्या फळाला त्याचा हंगाम परत देणं आहे. या लेखाचा कल इथे सुनेकडे झुकतो.

“पण ते येतं कुठून?” सासूबाईंनी दुसरं टोक धरलं. “सोपोरपासून इथवर अठराशे किलोमीटर तरी असेल. वाटेत डोंगर कोसळला की ट्रक जागच्या जागी. २०२५ मध्ये श्रीनगर-जम्मू महामार्ग बंद पडला तेव्हा ट्रकमध्ये पेट्या सडल्या, वाचलंस ना?”

“वाचलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरपर्यंत सफरचंदांची पार्सलगाडी सुरू झाली, तेही वाचलं. आई, तुम्ही रेल्वेच्या गावच्या. लांबून माल येतो याची तक्रार डभोईने तरी करू नये.”

डभोईच्या माणसाला हा टोला बरोबर लागतो. १८६२ मध्ये महाराज खंडेराव गायकवाडांच्या संस्थानाने डभोई ते मियागाम असा वीस मैलांचा अरुंद रूळमार्ग टाकला. भारतातली ती पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला डबे ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते. इंजिनं नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. पुढे डभोईहून चारी दिशांना फाटे फुटले आणि हे छोटं गाव नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आता रूळ रुंद झालेत. जानेवारी २०२१ मध्ये चांदोद-केवडियाची ब्रॉडगेज इथूनच पुढे सुरू झाली. थंड डोंगरातलं फळ नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत सडण्याआधी पोहोचावं ही सोय अशीच, रूळ आणि रस्ते टाकत टाकत, दीडशे वर्षांत झाली.

सासूबाई मात्र अंतराचा मुद्दा सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी सीताफळ पुढे केलं.

“शरदातलं आपलं फळ सीताफळ. छोटाउदेपूरच्या डोंगराळ भागात बांधावर, माळावर आपोआप येतं. ना फवारणी, ना शीतगृह. बायका टोपल्यांतून विकायला आणतात. त्याची बासुंदी कर, मी स्वतः दूध आटवून देते.”

“सीताफळ तरी मूळचं इथलं कुठे? तेही अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलं, असं मानतात.”

“आलं असेल. आलं आणि रुजलं. सफरचंद रुजवून दाखव डभोईत.”

इथे सुनेला थांबावं लागलं. डिलिशस जातीच्या सफरचंदाच्या झाडाला फुलायला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजाराहून जास्त तास लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही तर कळ्या जाग्याच होत नाहीत. डभोईच्या जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण असं गणित जमेल इतका नाही. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने कमी थंडीत येणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात शोधली. ती मैदानी प्रदेशातही फळते, आणि त्या कामासाठी त्यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली. सुनेने ते नाव घेतलं, पण सासूबाईंनी लगेच विचारलं, “पिकतं कधी?” पिकतं मे-जूनच्या सुमारास, भर आंब्याच्या दिवसांत. म्हणजे डभोईत सफरचंदाचं झाड लावलं तरी शरदातलं सफरचंद काश्मीर-हिमाचलचंच राहणार. इथे सासूबाईंची बाजू वरचढ ठरली.

पण सीताफळाने त्यांना पुढच्याच वाक्यात दगा दिला. सून म्हणाली, “बासुंदीत तुम्ही गर कधी घालता?”

“दूध गार झाल्यावर.”

“का?”

का, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून कुठलीही जाणती गृहिणी तो विस्तवावर जाऊ देत नाही. आटवून पूर्ण निवलेल्या दुधातच मिसळते. विस्तवाजवळ जाताच बिघडणारं फळ एक, आणि विस्तवानेच खुलणारं दुसरं. सफरचंदाच्या फोडी तापल्या की पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन सैल होतं, पाणी सुटतं, साखर दाट होते, आणि कच्च्या फळात दबून राहिलेला वास घरभर पसरतो. बेक करायचंच असेल तर शरदातल्या फळांत सफरचंदाला तोड नाही. सासूबाईंनी हे एका शब्दात मान्य केलं: “ठीक.”

एवढ्यावर क्रंबल ओव्हनमध्ये गेलं असतं. पण सुनेच्या हातात होती इंग्रजी पाककृती, आणि सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचायला घेतली.

पाककृतीत ‘ब्रॅमली’ सफरचंदं लिहिली होती. इंग्लंडमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बियांतून हे झाड आलं. त्याचं फळ इतकं आंबट की कच्चं खाववत नाही. ते रांधायचंच फळ. त्याला वाटीभर साखर लागते, कारण त्याचा आंबटपणा झाकायचा असतो. आपल्या बाजारात तसं फळ मिळत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. इंग्रजांनी हिमालयात पहिल्यांदा लावली ती त्यांची आंबटसर झाडंच. कॅप्टन ली याने १८७० मध्ये कुल्लूजवळ बंदरोलला बाग केली ती याच प्रकारची. इकडच्या जिभेला ती रुचली नाहीत. मग १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स या फिलाडेल्फियाच्या माणसाने शिमल्याजवळ कोटगढ भागात अमेरिकेतली ‘रेड डिलिशस’ आणली. गोड, लालबुंद, दिसायला देखणी. शेतकऱ्यांनी ती उचलून धरली आणि हिमाचलच्या डोंगरांचं नशीब पालटलं. हाच स्टोक्स असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि पुढे सत्यानंद झाला. त्याच्या त्या निवडीमुळे भारतातलं सफरचंद गोड झालं, ते आजतागायत.

“म्हणजे तुझ्या पाककृतीतली साखर आपल्या सफरचंदावर घातली तर शिरा होईल,” सासूबाई म्हणाल्या. “आणि डिलिशसच्या फोडी अंग धरत नाहीत. मी मागे हलवा केला होता, त्याचा लगदा झाला होता.”

“मग कोणतं आणू?”

“सोनेरी सालीचं बघ. गोल्डन. ते बागांमध्ये परागासाठी लावतात, त्यामुळे पेटीत थोडं येतंच. काश्मीरचं महाराजी मिळालं तर उत्तम, ते आंबटसर असतं आणि उशिरा येतं. काहीच नाही मिळालं तर डिलिशसला लिंबू पिळ, साखर निम्मी कर.”

लिंबाचं काम फक्त चवीचं नाही, हे सासूबाईंना शाळेपासून पाठ होतं. आंबटपणा असला की पेक्टिन चटकन विरघळत नाही, फोडी आकार टिकवतात. शिवाय चिरल्यावर त्या तपकिरी पडत नाहीत. सुनेने त्यात आणखी एक गोष्ट घातली. फोडी एकदम उकळायच्या नाहीत. झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर, हाताला चटका बसेल इतक्याच, म्हणजे साठ-सत्तर अंशांवर, वीस-पंचवीस मिनिटं राहू द्यायच्या. त्या तापमानाला फळातलं एक विकर पेक्टिनला घट्ट करतं आणि नंतर कितीही बेक केलं तरी फोडी मोडत नाहीत. सासूबाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं. विज्ञानाच्या शिक्षिकेला नवीन प्रयोग मिळाला की वादातली बाजू मागे पडते.

बाजारातून तीन प्रकारची सफरचंदं आली. सासूबाईंनी प्रथमोपचाराच्या डब्यातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. प्रत्येक सफरचंदाची आडवी चकती कापली, पाच पाकळ्यांच्या बीकोशाची चांदणी मधोमध दिसेल अशी, आणि वर आयोडीन टाकलं. थोड्या वेळात दोन चकत्या पिवळट तपकिरीच राहिल्या. तिसरीच्या कडेला सालीच्या आत निळसर-काळं वर्तुळ उमटलं. फळ पिकतं तसा त्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो, आणि तो मधल्या भागातून बाहेरच्या बाजूला नाहीसा होतो; म्हणून शेवटचा निळा रंग कडेला दिसतो. जगभरचे बागायतदार तोडणीची वेळ ठरवायला हीच परीक्षा करतात. न रंगलेलं फळ शिळंच असतं असं नाही, प्रवासातही स्टार्च साखर होऊन जातो. पण ज्याच्या कडेला रंग उमटला ते अजून कच्चट, घट्ट, कमी गोड. बेक करायला नेमकं तेच हवं. आयोडीन लावलेल्या चकत्या टाकून दिल्या आणि तिसऱ्या प्रकारची पाऊण किलो फळं सोलायला घेतली.

आता ओव्हनचा वाद उरला होता.

“चाळीस मिनिटं ओव्हन चालू ठेवलास की हे स्वयंपाकघर रात्रीपर्यंत तापलेलं राहील,” सासूबाईंनी सांगितलं. “माझ्याकडे हांडव्याचा कुकर आहे.”

गुजरातमध्ये राहिलेल्या घराला ते भांडं नवं नाही. ॲल्युमिनियमचं गोल पात्र, मधोमध पोकळ नळी, झाकणाला वाफ जायला भोकं, आणि खाली वाळू भरायची बशी. वाळू आधी दहा मिनिटं तापवायची; ती धग सगळीकडे सारखी पसरवते आणि पीठ खालून करपू देत नाही. तांदूळ-डाळींचं आंबवलेलं पीठ, दुधी, वर राई-तिळाची फोडणी: असा हांडवा या राज्यात ओव्हनशिवाय पिढ्यान्‌पिढ्या भाजला गेला आहे. बेकिंग पाश्चात्त्यांचं आणि आपण फक्त उकडायचं-तळायचं, ही समजूत गुजरातेत बसून धरता येत नाही. सुरतेची नानकटाई भट्टीतूनच निघते. किनाऱ्यावर तर वरून निखारे ठेवण्याची पद्धत आहे. पाठारे प्रभूंचं भानोलं तसंच होतं आणि गोव्याच्या बिबिंकेचा एकेक थर वरच्या धगीवर भाजला जातो.

सुनेला हांडव्याचा कुकर पटला, पण तिने अडचण दाखवली, आणि ती खरी होती. या भांड्यात धग खालून येते, वरून नाही. क्रंबलचा चुरा वरून तांबूस व्हायला हवा. इथे तो पांढराच राहील, शिवाय सफरचंदाची वाफ लागून ओला होईल. ओव्हनमध्ये पाककृती जशीच्या तशी जमते. हांडव्याच्या कुकरात ती जमणार नाही.

“जशीच्या तशी नकोच करू,” सासूबाई म्हणाल्या. “चुरा आधी कढईत भाज. लाडूचं पीठ भाजतो तसा.”

वादातला हा सगळ्यात मोलाचा क्षण. इथून पुढे ती पाककृती इंग्रजी राहिली नाही.

मैदा बाजूला गेला. बडोद्याकडच्या प्रत्येक घरात भाखरीचा जाडा लोट असतो, चुरम्याच्या लाडवांना वापरतात तोच, गव्हाचा, रव्यापेक्षा थोडा बारीक. तो दीड वाटी घेतला. लोण्याऐवजी तूप. लोण्यात सुमारे सोळा-सतरा टक्के पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून पाककृतीतल्या लोण्याच्या मापापेक्षा तूप कमी पुरतं; अर्धी वाटी पुष्कळ झालं. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप पातळ होतं, ते फ्रिजमध्ये ठेवून थिजवून घेतलं आणि पिठात बोटांच्या टोकांनी चोळलं. किती चोळायचं? मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला पाहिजे. हीच भाखरीच्या मोहनाची परीक्षा, हीच क्रंबलची. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, दोन काजूंचे तुकडे घालून, रंग बदामी होईपर्यंत आणि खमंग वास सुटेपर्यंत परतलं. साखर तेव्हा घालायची नाही. पीठ गरम असताना साखर पडली की विरघळते आणि चुरा चिकट होतो. लाडवाचा हा नियम इथेही लागू. पूर्ण निवल्यावर चार चमचे दाणेदार साखर आणि चिमूट मीठ.

फोडींना एका लिंबाचा रस, तीन चमचे साखर आणि एक चमचा तूप. मंद आचेवरच्या त्या वीस मिनिटांनी पाणी सुटलं होतं, ते वेगळं काढून दाट होईपर्यंत आटवलं आणि परत फोडींवर ओतलं. मसाल्यावरून पुन्हा थोडी झटापट झाली. सुनेला दालचिनी हवीच होती. सासूबाईंनी जायफळ किसलं आणि वेलची कुटली. पुरणपोळीत जे चालतं ते गोड फळात चालणारच, आणि शरदात दालचिनीपेक्षा वेलची बरी. तडजोड म्हणून दालचिनीची एकच काडी फोडींबरोबर ठेवून नंतर काढून टाकली. चव घेतल्यावर कळलं की जायफळाने सफरचंदाचा वास खुलवला होता. दालचिनीचं अस्तित्व जाणवत होतं, पुढे पुढे करत नव्हतं. या मापात जायफळाला पहिला मान देणंच योग्य.

कुकरचं भांडं लिंबाच्या सालीबरोबर पाणी उकळून आधी धुऊन घेतलं होतं, राई-तिळाचा वास जाण्यासाठी. तापल्या वाळूवर फोडी अर्धा तास झाकून राहिल्या. भाजलेला चुरा शेवटच्या दहा मिनिटांतच वर पसरला, झाकणाची भोकं मोकळी ठेवून. त्यामुळे वाफ लागायला वेळच मिळाला नाही. भांड्याच्या नळीभोवती सफरचंदाचं कडं तयार झालं, वर बदामी थर, कडेला पाक दाटून चिकटलेला.

सुनेच्या लक्षात एक गोष्ट आली, ती इतिहासाची होती. क्रंबल इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचलं ते दुसऱ्या महायुद्धात, पीठ-लोणी रेशनवर असताना. पायच्या पारीला लागतं त्याच्या मानाने फार कमी पिठा-लोण्यात भागतं, म्हणून. “म्हणजे तेसुद्धा हाताशी असेल त्यात भागवण्यासाठीच केलेलं आहे,” ती म्हणाली. “आपण तेच केलं.”

“आणि उपासाला राजगिऱ्याच्या पिठाचं करता येईल,” सासूबाई आधीच पुढच्या नवरात्रापर्यंत पोहोचल्या होत्या. 

कोजागरीच्या रात्री ते मसाला दुधाबरोबर वाढायचं की व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर, यावर एकमत झालं नाही. शेजारून दूध-पौंआ आले, तेही ताटात आले. गार पोह्यांच्या शेजारी कोमट सफरचंद चांगलं लागतं, हे दोघींपैकी कोणीच आधी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या वाटीतल्या क्रंबलवर दुधाची साय घातली आणि पित्ताचा विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढला, आणि फळ रात्री गरम खाण्यापेक्षा दुपारी गार झाल्यावर खावं हे आपलं मत नोंदवलं. ते मत चुकीचं नाही. क्रंबल गार झालं की फोडींचा पाक बसतो आणि चव जास्त स्पष्ट लागते.

दिवाळीचा फराळ जवळ आला तसा वाद करंजीकडे वळला. सासूबाईंचं म्हणणं, सफरचंदाचं सारण साट्याच्या करंजीत भरावं. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांच्या थरांत लावायचा, गुंडाळी करून कापायची, लाट्या लाटायच्या. तळल्यावर पापुद्रे सुटतात. पारंपरिक पेस्ट्रीचे थर याहून फार वेगळे नसतात.

“पण खोबऱ्याचं सारण कोरडं असतं म्हणून करंजी पंधरा दिवस टिकते,” सून म्हणाली. “सफरचंद ओलं. दुसऱ्या दिवशी करंजी नरम पडणार.”

“मोरांब्यासारखं आटव. पाण्याचा थेंब राहता कामा नये.”

“तरी ती त्याच दिवशी संपवायची. आणि तळायची नाही, बेक करायची.”

“साट्याचे पापुद्रे बेक करून सुटतील?”

“दोनशे अंशांना सुटतील, साटा थंड असेल तर. हांडव्याच्या कुकरात नाही, तिथे वरून धग नाही. त्याला ओव्हनच लागेल.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. “मग लाव तुझा ओव्हन. पण रात्री दहानंतर, ऊन पूर्ण उतरल्यावर. आणि या वेळी डिलिशस आणू नकोस. बडोद्याच्या खंडेराव मार्केटला कोणी जात असेल तर महाराजी विचारायला सांग, ते उशिरा उतरतं, तोवर आलेलं असेल.”